टीएसएच वाढलाय, मग थायरॉइडची सोनोग्राफीही करावी का?

नुसता टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा, रक्तात मोजला जाणारा हार्मोन) वाढला असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर सहसा गरज नसते. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार आणि गाठी दिसतात; हार्मोन किती तयार होतंय हे रक्ततपासणीतच कळतं, गोळीचा डोसही त्यावरूनच ठरतो. उगाच केली तर चार-पाच मिलिमीटरची निरुपद्रवी गाठ सापडते आणि जिवाला घोर लागतो. गाठ लागत असेल तर मात्र सोनोग्राफी हवीच. वेड्यावाकड्या कडा, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त, अशी संशयास्पद गाठ १ सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या २०१७ च्या टायरॅड्स (सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद ते ठरवायच्या) पद्धतीनुसार सुईने नमुना घेतात. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.