भेगेतलं उघडं मूळ

मंगळवेढ्याच्या एका वडिलांचं पत्र आहे. घरची कोरडवाहू ज्वारी. मुलीनं बारावी सायन्स केलं, नीटला मार्क कमी पडले. घरचे म्हणतात, वर्षभर रिपीट कर. ती म्हणते, मला मुळांचा अभ्यास करायचाय. "मुळ्या बघून पोट भरतं का?" असं त्यांनी विचारलंय. सोबत मुलीचा कागद आहे. काढणीनंतर भेगाळलेल्या रानातलं धसकट तिनं खणलं. मूळ भेगेतून आरपार गेलेलं, पण पोकळीत त्याला एकही बारीक मुळी नाही. वरखाली मातीत मात्र झुपके. असं का?

नमस्कार. आधी तिच्या कागदाकडे वळतो.

मुळ्या तुटल्या असतील, असं तिला शाळेत सांगितलं. काही तुटल्याही असतील. पण मूळ पोकळीत आलं की फाटे फोडणं आपणहून थांबवतं, हे मका आणि बार्लीत दिसलंय. २०२२ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या गटानं ते पेशींच्या पातळीवर उलगडलं. शेजारशेजारच्या पेशी अतिसूक्ष्म छिद्रांनी जोडलेल्या असतात. फाटा फुटायचा तर ऑक्झिन हे संप्रेरक त्या छिद्रांतून बाहेरच्या थरांकडून आत पोचावं लागतं. बाहेरची ओल तुटली की मूळ आतल्या नळ्यांमधलं पाणी वापरू लागतं. त्या पाण्याबरोबर ॲबसिसिक आम्ल हे दुसरं संप्रेरक बाहेरच्या बाजूला सरकतं आणि पाटाचं दार लावावं तशी छिद्रं बंद होतात. ऑक्झिन वाटेतच अडकतं. टोक पुन्हा ओलीला लागलं की दारं उघडतात. हे प्रयोग मुख्यतः मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर झाले. काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीवर करायला तुमची मुलगी आहेच की!

आता पोटाचं.

नीट रिपीट करायला लावू नका. डॉक्टर व्हायची ओढ असती, तर त्या कागदावर एखादी ओळ तरी तशी आली असती. एक वाट बीएस्सी ॲग्रीची: चार वर्षं, प्रवेश सीईटीवर, पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा दुसरीकडे वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी. दुसरी आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची: पाच वर्षांचा बीएस-एमएस. तिनं अकरावीत गणित सोडलंय, तरी आयसरची परीक्षा देता येते. मात्र पेपरात गणिताचे प्रश्न असतातच, तेव्हा तयारी हवी. माझा कल ॲग्रीकडे. संशोधनातून मन उडालं तरी बियाणे कंपन्या, बँकेतलं कृषी अधिकारी पद, एमपीएससी ही दारं उघडी राहतात.

पीएचडी होईपर्यंत वय अठ्ठावीसच्या आसपास जाईल, हे लपवत नाही. 'अजून शिकतेच का?' हे पाहुण्यांचं तुम्हालाच ऐकावं लागेल. पण नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. तेव्हापासून तिचा भार तुमच्यावर नाही. कॉलेज ठरवण्याआधी तिला बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दाखवून आणा. दुष्काळात पीक कसं तगतं, हाच तिथल्या लोकांचा रोजचा धंदा.

आणि बाळ, यंदा पाच-सहा धसकटं खण. मूळ उपटू नकोस, बाजूची माती पाण्यानं सावकाश धुऊन काढ. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेव. तुझ्या चित्रात भेग किती रुंद होती, तेच कळत नाही.