वाचकांचे प्रश्न: गुरुत्वाकर्षण एवढं दुबळं कसं?

प्रश्न: फ्रिजवरचं इवलंसं चुंबक टाचणी उचलतं, तेव्हा खालून अख्खी पृथ्वी तिला ओढत असते. गुरुत्वाकर्षण जादा मितींत (लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या दिशांत) गळतं म्हणून दुबळं, असं वाचलं. हे सिद्ध झालंय का? आणि अकरावीच्या प्रकल्पात हे बल मोजता येईल का? (परळ)

उत्तर: सिद्ध झालेलं नाही. दोन प्रोटॉनमधलं विद्युत-बल त्यांच्यातल्या गुरुत्वाच्या सुमारे 10³⁶ पट असतं, हे मात्र खरं. पण इथे दोष गुरुत्वाचा की प्रोटॉनच्या हलकेपणाचा? तेवढाच विद्युतभार असलेला कण 0.0218 मिलिग्रॅमचा असता, तर गुरुत्वच विद्युत-बलाच्या सुमारे 137 पट भरलं असतं. खरं कोडं आहे ते मूलकण इतके हलके का, हे.

गळतीची कल्पना अर्कानी-हामेद, दिमोपुलोस आणि द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये मांडली. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी स्लॅबभर मुरतं आणि आपल्या छतातून चार थेंब टपकतात, तसंच काहीसं. प्रकाश आणि पदार्थ तीन मितींत अडकलेले, गुरुत्व मात्र सगळीकडे पसरणारं. जादा मिती एकच असेल तर ती पृथ्वी-सूर्य अंतराएवढी मोठी लागते. मग ग्रहांच्या कक्षाच बिघडल्या असत्या, म्हणून ती बाद. दोन असतील तर आकार मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि ते तपासता येतं. एरवी अंतर निम्मं केलं की बल चौपट होतं. मितीच्या आकाराहून जवळ गेल्यावर ते सोळापट व्हायला हवं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने 2020 मध्ये 52 मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या अंतरापर्यंत तपासलं. नियम चौपटीचाच निघाला. अशा प्रयोगात खरा शत्रू स्थिर विद्युत, म्हणून ज्यांच्यातली ओढ मोजायची त्या दोन तबकड्यांमध्ये बेरिलियम-तांब्याचा 10 मायक्रोमीटर जाडीचा पडदा ताणून बसवतात.

तुमच्या प्रकल्पात जादा मिती सापडणार नाहीत, पण गुरुत्व नक्की दिसेल. एक-एक किलोचे शिशाचे दोन गोळे (लोखंड नको, ते चुंबकित होतं) केंद्रापासून केंद्रापर्यंत 10 सेंटिमीटरवर ठेवले, तर ओढ 6.7 नॅनोन्यूटन, म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या वजनाहूनही कमी. दोन्ही गोळ्यांवर नुसता तीसेक व्होल्टचा भार बसला तरी तेवढंच विद्युत-बल तयार होतं! म्हणून प्रत्येक धातूचा भाग तारेने जमिनीशी जोडून अर्थ (अर्थिंग) करा आणि मधे अॅल्युमिनियमची फॉइल लावून तीही अर्थ करा.

बारीक दोऱ्यावर आडवी काठी टांगा, टोकांना छोट्या शिशाच्या गोळ्या, मधोमध आरसा. वरचे किलो-किलोचे मोठे गोळे एकेका छोट्या गोळीजवळ, काठीच्या विरुद्ध बाजूंना ठेवा. लेझरचा ठिपका समोरच्या भिंतीवर पाडा. हवेची झुळूक अडवायला काचेची पेटी हवीच. नायलॉनचा दोरा पावसाळ्यात दमट हवेत सैलावतो आणि ठिपका आपोआप सरकत राहतो, तेव्हा बारीक धातूची तार बरी. जागा तळमजल्याची घ्या. रेल्वे जवळ असेल तर शेवटची लोकल गेल्यावर पहिली येईपर्यंतचीच वेळ. (कुलाब्याच्या टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, गुरुत्व-प्रयोगशाळाही मुंबईत नाही, कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली आहे.) काठी स्थिर व्हायची वाट पाहत बसू नका. झोक्याची लागोपाठची टोकं भिंतीवर खुणावून मध्य काढा. मग मोठे गोळे दुसऱ्या बाजूला हलवून मध्य पुन्हा काढा. दोन मध्यांमधला फरक, तीच गुरुत्वाची ओढ.