काल पाठवलेल्या फाइलला ‘हॅड’ कशाला?

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय हॅड सेंट द फाइल यस्टरडे’ असं लिहिलं, तर सीनियरने नुसता ‘हॅड’ खोडला, कारण काही सांगितलं नाही. मराठीत आपण ‘काल फाइल पाठवली होती’ असंच म्हणतो ना, मग चुकलं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: मराठी बरोबरच आहे हो तुमचं, घोळ तिथूनच सुरू होतो. आपण ‘होतं’ सढळ हाताने वापरतो, ‘परवा पुण्याला गेलो होतो’, ‘सकाळी फोन केला होता’, पुढेमागे दुसरं काही घडलेलं नसलं तरी चालतं. इंग्रजीत ‘हॅड’ला भूतकाळातलीच आणखी एक गोष्ट लागते, जिच्या आधी ही उरकलेली असते. ती नसेल तर साधं ‘आय सेंट द फाइल यस्टरडे’, बास. आपल्याकडे ऑफिसात ‘हॅड’ सर्रास खपतो, पण परदेशातला क्लायंट वाचून विचारात पडतो की बरं, पाठवली होती, मग पुढे काय झालं?

सचिनचं बघा. ‘ही स्कोअर्ड हिज हंड्रेड्थ सेंच्युरी इन 2012’ इथे ‘हॅड’ नको. पण ‘बाय द टाइम ही रिटायर्ड इन 2013, ही हॅड स्कोअर्ड 100 इंटरनॅशनल सेंच्युरीज’ इथे हवा, कारण रिटायरमेंटच्या आधीच शतकं झालेली. आणि कधीकधी अर्थच फिरतो. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे तुम्ही पोचलात आणि गाडी सुटली, ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे तुम्ही पोचायच्या आधीच गेलेली, मग बसा पुढच्या लोकलची वाट बघत. वाक्यात ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल तर क्रम तसाही कळतो, तिथे ‘हॅड’ गाळला तरी बहुतेक वेळा चालतं.

आता ‘हॅड’ काढून ‘हॅव’ घालू नका म्हणजे झालं :) ‘काल पाठवलीये’ मराठीत चालेल, इंग्रजीत ‘हॅव सेंट’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. ‘यस्टरडे’ काढलात की ‘आय हॅव सेंट द फाइल’ एकदम ओके. अमेरिकन लोक इथेही ‘आय ऑलरेडी सेंट इट’ म्हणून मोकळे होतात, ब्रिटिश शक्यतो ‘हॅव’ ठेवतात. रेझ्युमेत मात्र बघून लिहा, सोडलेल्या नोकरीला ‘वर्क्ड’, चालू नोकरीला ‘हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2021’, तिथे ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स’ नको.

प्रश्न: इंग्रजी पेपरात मॅच काल झालेली असते आणि हेडिंग ‘इंडिया विन्स’, हे कसं काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ती हेडिंगची जुनी पद्धत आहे, बातमी ताजी वाटावी म्हणून. त्याच बातमीची पहिली ओळ वाचा, तिथे ‘वन’च असतं. तुम्ही मॅचबद्दल मेल लिहिणार असाल तर ‘वन’च लिहा.