फोम भरलेल्या छतातून सोलरच्या केबल खाली कशा आणाव्यात?

आपल्या घराचे छत पफ पॅनलचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले आहे. केबल दिसू नयेत म्हणून त्या फोममधूनच आडव्या नेऊन इन्व्हर्टरपर्यंत आणाव्यात, असे ३ किलोवॅटचे सोलर पॅनल बसवणारे मिस्त्री सुचवत आहेत, आणि हे सुरक्षित आहे का, असे आपण विचारले आहे. माझे घर हिंगणघाट तालुक्यात आहे आणि छत याच प्रकारचे आहे. माझा आग्रह आहे की केबल फोममधून आडव्या मुळीच नेऊ देऊ नयेत.

शक्य असल्यास छताला भोकच पाडू नये. केबल पत्र्यावरून वळचणीपर्यंत न्याव्यात, तेथून पाइपमधून भिंतीवर उतरवाव्यात आणि भिंतीतून आत घ्याव्यात. भिंतीतील भोकाला बाहेरच्या बाजूस उतार असावा आणि भोकापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकून जाते. माझ्याकडे हा झोल दिला गेला नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात पाणी केबलच्या अंगाने ओघळत थेट डीसी बॉक्समध्ये, म्हणजे सोलरच्या केबल ज्या पेटीत जोडतात तिच्यात, उतरले.

फोममधील उष्णतेची भीती बहुतेक जण सांगतात, पण सोलर केबलच्या बाबतीत तो मुख्य धोका नाही. ५४० वॅटच्या पॅनलमधून १३ ते १४ अँपिअर प्रवाह येतो. ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल ६० अंश तापमानात, मोकळ्या हवेत, ५५ अँपिअर वाहू शकते, आणि अर्ध्या मीटरहून अधिक लांबी सर्व बाजूंनी उष्णतारोधकात गाडली गेली तर ही क्षमता साधारण निम्म्यावर येते. तरीही ती पुरेशी असते. घरातील साध्या पीव्हीसी वायरचे मात्र तसे नाही. ती ७० अंशांपर्यंतच टिकते, आणि आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पत्राच ६० अंशांच्या पुढे जातो. फोमच्या जागी थर्माकोल असेल आणि ती त्याला चिकटून राहिली तर तिच्यातील मऊपणा आणणारे द्रव्य थर्माकोलमध्ये झिरपते आणि वायर कडक होऊन तडकते. त्यामुळे पंख्या-दिव्यांच्या वायरीही छताच्या थरात टाकू नयेत.

खरा धोका ठिणगीचा आहे. सहा पॅनल एका ओळीत जोडले की सुमारे ३०० व्होल्टपर्यंत डीसी दाब तयार होतो. घरातील एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझण्याची शक्यता असते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही आणि ठिणगी जळत राहते. पत्र्याच्या धारेने किंवा उंदराच्या दाताने आवरण फाटले, अथवा जोड सैल राहिला, तर ही ठिणगी अशा फोममध्ये पडते जो पेटल्यावर विषारी धूर सोडतो, आणि दोन पत्र्यांमधील आग वेळेवर दिसतही नाही. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या केबलमध्ये दाब कायम असतो.

छतातूनच उतरण्याशिवाय मार्ग नसेल, तर सरळ, काटकोनात आणि कमीत कमी लांबीत उतरावे. भोक पत्र्याच्या नळीत (पाणी वाहणाऱ्या खोलगट भागात) नव्हे, उंचवट्यावर होल-सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) पाडावे, धार कानसीने घासावी आणि त्यातून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप टाकावा. पाइपच्या दोन्ही तोंडांना रबरी किंवा प्लास्टिकचे बूश (केबल घासू नये म्हणून बसवायचे कडे) असावे, वरचे तोंड खाली वाकवलेले असावे आणि पाइपला अर्थिंग असावे. बाहेरच्या बाजूस ईपीडीएम रबराचे बूट (पाइपभोवती घट्ट बसणारे टोपण) बसवावे. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचेच घ्यावे, कारण व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याचे जस्त खाते. धन आणि ऋण केबल एकाच पाइपमधून जवळजवळ न्याव्यात. त्या दूर ठेवल्या तर मोठा फेरा तयार होतो आणि जवळ वीज पडली असता त्यात अधिक दाब निर्माण होतो. पाइपच्या आत एकही जोड नको. एमसी४ कनेक्टर (सोलर केबल जोडण्याचे प्लग) बाहेर, हात पोहोचेल अशा जागी, पत्र्यापासून उचलून बांधावेत. वानरे छतावर उड्या मारतात आणि लोंबणारी केबल ओढतात, त्यामुळे पत्र्यावरची केबलही पाइपमध्येच असावी.

काम झाल्यावर मिस्त्रींना केबल इन्व्हर्टरपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (केबलचे आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासायला सांगावे. रीडिंग किमान १ मेगाओहम आले पाहिजे. हीच तपासणी पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा करावी, आणि रीडिंग घसरलेले आढळले तर सर्वप्रथम त्या पाइपची दोन्ही तोंडे उघडून पाहावीत.