जँगोत आधी दहा नोंदी घेतल्या, तर नंतर फिल्टर का लागत नाही?

तुम्ही ऑर्डरच्या टेबलातून ताज्या दहा नोंदी स्लाइस करून घेताय, मग त्यावर शहर 'पुणे' असा फिल्टर लावताय, आणि जँगो, म्हणजे पायथनचं वेब फ्रेमवर्क, टाइपएरर देऊन थांबतंय. ही एरर तुमच्या भल्याचीच आहे.

क्वेरीसेट, म्हणजे जँगोत डेटाबेसला विचारायचा प्रश्न, आळशी असतो. फिल्टर, एक्सक्लूड, ऑर्डर-बाय कितीही जोडा, डेटाबेसकडे काहीच जात नाही. लूपमध्ये फिरवलात की मग कुठे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली क्वेरी, निघते. स्लाइस म्हणजे तिच्या शेपटीला लागलेलं लिमिट (किती नोंदी हव्यात ती मर्यादा), आणि एसक्यूएलमध्ये व्हेअर (फिल्टरची अट) आधी लागतो, लिमिट सर्वांत शेवटी. आता सांगा, तुम्हाला पुण्याच्या ताज्या दहा ऑर्डर हव्यात, की ताज्या दहांपैकी पुण्याच्या जेवढ्या असतील तेवढ्या? दुसऱ्या अर्थाने हाती दोनच लागतील, कदाचित एकही नाही. जँगो इथे अंदाज बांधत नाही, तेच बरं.

बहुधा तुम्हाला पहिलंच हवंय. तर आधी फिल्टर, मग ऑर्डर-बाय, स्लाइस शेवटी. शेलमध्ये क्वेरीसेटची 'क्वेरी' प्रिंट करून पाहा, शेवटी 'लिमिट १०' दिसेल. दुसरंच हवं असेल तर त्या दहा नोंदींची लिस्ट करून पायथनमध्ये गाळा. 'इन'च्या ('यांपैकी एक' या अटीच्या) आत लिमिटवाली सबक्वेरी, म्हणजे क्वेरीतली क्वेरी, घालायला जाऊ नका, मायएसक्यूएल ती घेत नाही.

एक मात्र कृपा करून करू नका: एरर जावी म्हणून आख्ख्या टेबलाची लिस्ट करून मग तिचे दहा घेणं. मी सुरुवातीला हेच केलं होतं. लॅपटॉपवर चाळीस नोंदी होत्या, पान झटकन उघडायचं. सर्व्हरवर लाखभर नोंदी मेमरीत यायला लागल्या आणि पान उघडेचना.

आणि ऑर्डर-बाय विसरू नका. क्रम सांगितला नाही, तर डेटाबेस कुठल्याही दहा देऊ शकतो. फक्त तारखेवर लावलेला क्रमही पुरत नाही. आमच्याकडे एका फाइलमधून शेकडो ऑर्डर एकदम भरल्या होत्या, सगळ्यांची वेळ तीच. एक ऑर्डर पहिल्या पानावर दिसायची, दुसऱ्यावरही दिसायची, आणि दुसरी कुठली तरी गायब. ग्राहकाचा फोन आल्यावर कळलं. उतरत्या तारखेमागे उतरता आयडी जोडला आणि पानं जागेवर आली. तुमच्याही पेजिनेशनमध्ये, म्हणजे नोंदी पानापानांनी दाखवता तिथे, तो आजच जोडून टाका.