‘स्वागत परिस्थिती’ नव्हे: आश्रयार्थी, निर्वासित आणि आपला जुना कौल

प्रश्न असा आला आहे: “युरोपातल्या असायलम सीकर्सबद्दलच्या मराठी मजकुरात ‘निर्वासितांची स्वागत परिस्थिती बिकट’ असं वाचलं. असायलम सीकरला निर्वासित म्हणायचं, शरणार्थी म्हणायचं की आणखी काही? आणि ‘रिसेप्शन कंडिशन्स’ला मराठीत काय म्हणावं?”

आधी ती ‘स्वागत परिस्थिती’ खोडून टाका. स्वागत म्हणजे सु + आगत. त्यात औक्षण आहे, हार आहे, ‘या, बसा’ आहे. युरोपच्या कायद्यातलं रिसेप्शन म्हणजे आश्रय मागणाऱ्या माणसाला, म्हणजे असायलम सीकरला, त्याच्या मागणीचा निकाल लागेपर्यंत सरकारने सांभाळणं. डोक्यावर छप्पर, जेवण, कपडे, वरखर्चाला थोडे पैसे, औषधपाणी, मुलांची शाळा हे सगळं त्यात येतं. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशाप्रमाणे (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा नियम) निवारा, अन्न आणि कपडे वस्तुरूपाने देता येतात, रोख देता येतात किंवा कुपनांनी देता येतात. शिवाय रोजच्या खर्चाचा भत्ता. डच लोक याला ‘ओपफांग’ म्हणतात. छपरावरून गळणारं पाणी बादलीत धरतात किंवा फेकलेला चेंडू झेलतात, त्याचंच हे क्रियापद. वरच्यावर झेलणं! मला हा शब्द फार आवडतो, कारण खाली पडू न देणं एवढंच त्यात आहे. मराठीत ‘निवारा-निर्वाहाच्या सोयी’ म्हणा. ‘उदरनिर्वाह’ सगळ्यांना कळतो, मग हेही कळेल.

आता माणसाकडे वळू. ‘निर्वासित’ हे प्रयोजक धातूचं भूतकाळवाचक रूप आहे: ज्याला वासातून बाहेर घालवलं तो. त्याच्यावर काय गुदरलं ते हा शब्द सांगतो, तो काय मागतो आहे ते सांगत नाही. मराठीत हा शब्द रुळला तो माणसं लोंढ्याने आली तेव्हा. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, सिंधी निर्वासित आले. त्याआधी १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सायबेरियाकडे धाडलेली ही माणसं. त्यांना हा शब्द अक्षरशः लागू पडतो. पण यांपैकी कुणालाही एकेकट्याने मुलाखत देऊन ‘माझा छळ होतो’ हे सिद्ध करावं लागलं नव्हतं. युरोपातला असायलमचा मामला मात्र माणशी एक फाइल असा चालतो. आपल्या अनुभवात ती अवस्थाच नव्हती, म्हणून आपल्याकडे शब्द तोकडा पडतो आणि जो तो ‘निर्वासित’ लिहून मोकळा होतो.

युक्रेनचं उदाहरण पाहा. ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश पहिल्यांदा लागू केला आणि युक्रेनमधून आलेल्या तिथल्या नागरिकांना सरसकट संरक्षण दिलं. त्यांना निर्वासित म्हणा, खुशाल. असायलम सीकर म्हणू नका, कारण त्यांना फाइल लढवावी लागत नाही.

‘शरणार्थी’ हिंदीत ठीक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिंदी मजकुरातही तोच आहे, म्हणून तो मराठीतही आणावा असा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. मला तो मुळीच मान्य नाही. मराठीत ‘शरण आला’ म्हटलं की माणूस हात वर करून उभा दिसतो. पोलिसांना शरण, शत्रूला शरण, शरणागती. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, घर, हे खरं. पण मराठी कानाला आज जे ऐकू येतं ते कोशाच्या जोरावर पुसता येत नाही. हक्क मागणाऱ्या माणसाला हरलेला ठरवणारा शब्द कशाला? ‘आश्रयार्थी’ म्हणा. आ + श्रि, म्हणजे टेकणं. भिंतीला पाठ टेकावी तसं. विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्या रांगेत तो सहज बसतो.

आता माझ्या आवडीच्या जागेवर येतो. असायलम हा शब्द ग्रीक. ‘अ’ म्हणजे नाही, आणि ‘सूले’ म्हणजे जप्ती. ती कसली? एका नगरातल्या माणसाचं दुसऱ्या नगरातल्या कुणाकडे येणं असलं आणि ते वसूल होईना, तर त्या दुसऱ्या नगरातला जो हाती लागेल त्याचा माल धरायचा, प्रसंगी माणूसच धरायचा. या धरपकडीच्या हक्काला सूले म्हणत. जिथे ती चालत नाही ती जागा ‘असुलोन’. देवळांना हा मान असे, पुढे अख्ख्या नगरांनाही मिळू लागला. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक राजा अंतिओकोस तिसरा याने आजच्या तुर्कस्तानातलं तेओस हे नगर पवित्र, जप्तीमुक्त आणि करमुक्त जाहीर केलं. म्हणजे मुळात असायलम ही दयेची गोष्टच नव्हे. ‘तुझ्या अंगाला आणि गाठोड्याला इथे कुणी हात लावणार नाही’ अशी ती जाहीर हमी आहे.

आणि या हमीला मराठीत नेमका शब्द आहे: कौल. मराठी दफ्तरांत अभयाचा कौल, कौलनामा हे शब्द पानोपानी भेटतात. गाव सोडून परागंदा झालेल्या रयतेने परत यावं म्हणून कौल, व्यापाऱ्याने पेठेत दुकान घालावं म्हणून कौल, किल्ला खाली करणाऱ्या शिबंदीला जिवानिशी जाऊ देण्याचा कौल. अरबीतला कौल म्हणजे दिलेला शब्द. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात: मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि बसून राहायचं. उजवी पडली तर होकार. हमी आणि निकाल हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. असायलममध्येही हेच दोन आहेत. माणूस हमी मागतो आणि निकालाची वाट पाहतो. शब्द अरबी म्हणून नाक मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी ‘असायलम’ तरी कुठल्या आश्रमातून आलं ते सांगावं. आश्रयार्थी थांबला आहे तो अभयकौलासाठी, असं लिहून पाहा.

ही व्युत्पत्ती केवळ शोभेची नाही. जानेवारी २०१६ मध्ये डेन्मार्कने कायदा केला, की आश्रयार्थ्याकडे १०,००० क्रोनरपेक्षा जास्त रक्कम किंवा मौल्यवान वस्तू सापडल्या तर त्याच्या खर्चापोटी त्या ताब्यात घ्याव्यात. लग्नाच्या अंगठ्या आणि भावनिक मोलाच्या वस्तू वगळल्या आहेत. जर्मनीत जवळ माणशी २०० युरोंहून अधिक काही असेल तर सरकारी मदतीआधी ते संपवायचं. माझ्या मते ही सूले आहे, ज्या जप्तीला नकार देण्यासाठी शब्द घडला तीच जप्ती. डेन्मार्कला २०१३ चा निर्देश बंधनकारक नाही हे मला ठाऊक आहे. मुद्दा शब्दाने दिलेल्या वचनाचा आहे.

प्रश्नकर्त्याच्या कामाची आणखी एक गोष्ट, कारण इथे सर्रास चूक होते. ‘अर्ज केला’ हे आपण एका दमात म्हणतो, पण या कायद्यात त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, ‘मला आश्रय हवा’ असं अधिकाऱ्याला सांगणं. दुसरी, नोंद, तिला २०१३ च्या नियमांत साधारण तीन कामकाजी दिवसांची मुदत होती, गर्दी फार असेल तर दहांची. तिसरी, अर्ज रीतसर दाखल होणं. निवारा-निर्वाहाचा हक्क पहिल्या पायरीपासून सुरू होतो. नोकरी करू देण्याआधी किती थांबवता येतं त्याची मुदत, २०१३ च्या निर्देशात जास्तीत जास्त नऊ महिने, तिसरीपासून मोजायची होती. २०२४ च्या नव्या निर्देशाने ती सहावर आणली, तीही नोंदीपासून मोजायची, आणि तो आपापल्या कायद्यात उतरवायला देशांना १२ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. म्हणून ‘आश्रय मागितला’, ‘नोंद झाली’, ‘अर्ज दाखल झाला’ असं वेगवेगळं लिहा. पहिली आणि तिसरी पायरी यांच्यामध्ये आठवडे गेले, की माणूस कागदावर हक्कदार असतो आणि प्रत्यक्षात फुटपाथवर.

हे काल्पनिक नाही. बेल्जियमने ऑगस्ट २०२३ मध्ये एकट्या पुरुषांना जागा देणं थांबवण्याचा निर्णय घेतला, सप्टेंबरात तिथल्या कौन्सिल ऑफ स्टेटने, म्हणजे सरकारी निर्णय तपासणाऱ्या वरिष्ठ न्यायालयाने, त्याला स्थगिती दिली. जागा नसली तर घराऐवजी भाडं द्या, आणि ते खाजगी बाजारात भाड्याची जागा मिळण्याइतकं असलं पाहिजे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं होतं. फ्रान्समध्ये एकट्या प्रौढाला दिवसाला ६.८० युरो मिळतात आणि जागा दिली नसेल तर वर ७.४०. एवढ्यात पॅरिसमध्ये कोणी खोली देत नाही. माणसं फार आली, जागा संपल्या, हेही कारण चालत नाही. आयर्लंडने ते पुढे केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संघाच्या याच न्यायालयाने फेटाळलं. जर्मन घटना न्यायालय तर २०१२ मध्येच म्हणालं होतं, की स्थलांतराचं धोरण राबवायचं म्हणून माणसाच्या प्रतिष्ठेत काटछाट करता येत नाही. १९९३ पासून तिथले भत्ते जागचे हलले नव्हते, त्यावरचा तो निकाल.

राहिला ‘निर्वासित’ कधी लिहायचं हा भाग. आश्रयार्थ्याला १९५१ च्या जिनिव्हा कराराखाली मान्यता मिळाली की त्याला निर्वासित म्हणा. मान्यतेमुळे माणूस निर्वासित होतो असं नाही, तो आधीच असतो आणि कागद फक्त ते कबूल करतो, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा पवित्रा मला पूर्ण पटतो. पण बातमीत निकालाआधीची आणि नंतरची अवस्था वेगळी दाखवावीच लागते, कारण मिळणाऱ्या सोयी वेगळ्या असतात. आणि सामान्यरूप चुकवू नका: विद्यार्थ्यांच्या तसं आश्रयार्थ्यांच्या. ‘आश्रयार्थींच्या’ नव्हे.