अल्पमतातलं सरकार पाच वर्षं टिकतं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे की, निम्म्याहून कमी खासदार असलेलं सरकार पूर्ण मुदत कशी काढतं आणि ते काही धड काम करू शकतं का. मी रामटेकजवळचा आहे. पी. व्ही. नरसिंह राव 1984 आणि 1989 मध्ये आमच्याकडूनच लोकसभेवर गेले, सभेत मराठीत बोलायचे. त्यामुळे त्यांच्या 1991 ते 96 च्या सरकारकडे आमच्या घरात जरा जास्तच लक्ष असायचं. उत्तर त्याच सरकारावरून देतो.

1991 च्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमतापासून बराच लांब राहिला. तरी 21 जूनला रावांचा शपथविधी झाला. त्या वेळी ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. नोव्हेंबरमध्ये आंध्रातल्या नंद्यालमधून निवडून आले, आणि तिथे तेलुगू देसमने त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही.

लोक इथेच चुकतात. सभागृहातल्या निम्म्याहून जास्त खासदारांनी सरकारच्या बाजूने उभं राहायलाच हवं, असं नसतं. हजर राहून मत देणाऱ्यांत सरकारची बाजू जड असली की भागतं. जुलै 1991 च्या विश्वासदर्शक ठरावावर भाजपने विरोधात मत दिलं, पण जनता दल आणि डावे तटस्थ राहिले. मंडल आणि मंदिर या दोन वादांनंतर त्यांना भाजपच्या जोडीने हात वर करणं परवडणारं नव्हतं. शिवाय परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं आणि लगेच पुन्हा निवडणूक कुणालाच नको होती. राव त्या फटीत उभे राहिले. 24 जुलैला मनमोहन सिंगांनी जो अर्थसंकल्प मांडला, तो याच लोकसभेत मंजूर झाला.

कामाचं म्हणाल तर मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. डिसेंबर 1992. अयोध्येत मशीद पाडली गेली होती, देश पेटला होता, सरकारवर अविश्वास ठराव आला आणि फेटाळला गेला. त्याच महिन्यात याच संसदेने 73 वी (पंचायतींची) आणि 74 वी (नगरपालिकांची) घटनादुरुस्ती मंजूर केली. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे विरोधकांना सोबत घेतल्याशिवाय ती होऊच शकत नाही. ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखणं देशभर बंधनकारक झालं ते 73 व्या दुरुस्तीमुळे. पुढे माझी मावशी सरपंच झाली, पाण्याच्या टाकीसाठी पंचायत समितीत भांडायला लागली, तेव्हा मला दिल्लीतला तो डिसेंबर आठवायचा.

पण हे सगळं स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. जुलै 1993 मध्ये माकपच्या अजय मुखोपाध्याय यांचा अविश्वास ठराव आला, 28 जुलैला त्यावर मतदान झालं. या वेळी डावे आणि भाजप एकाच बाजूला होते. ठरावाच्या बाजूने 251, विरोधात 265. चौदा मतांनी सरकार वाचलं. वडील रेडिओजवळून उठले आणि आनंदाने सगळ्यांना चहा टाकायला सांगितला. त्या मतांत झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांची मतं होती आणि ती पैसे देऊन मिळवल्याचा आरोप नंतर झाला. विशेष न्यायालयाने 2000 मध्ये रावांना दोषी ठरवलं, 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. 1993 च्या अखेरीस जनता दलातल्या अजित सिंह गटाचे काही खासदार काँग्रेसमध्ये आले आणि सरकारला स्वतःचं बहुमतही मिळालं. तेव्हाच्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश खासदार एकत्र फुटले की ती 'फूट' मानली जायची. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली.

मला सर्वांत जास्त लागलं ते 1998 मध्ये. याच लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला घटनेच्या कलम 105 चं संरक्षण आहे. म्हणजे पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे मत दिलं तर खटला नाही, आणि ज्याने मतच दिलं नाही त्याला मात्र संरक्षण नाही. तो निकाल रद्द व्हायला 4 मार्च 2024 उजाडावा लागला. सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं की, लाच घेतली तिथेच गुन्हा पूर्ण होतो, मत दिलं की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. वडील तोवर राहिले नव्हते. त्यांना ही बातमी वाचून दाखवायची फार इच्छा होती.